खाजणातल्या खुंट्या

खारकोंड
सोमवार, १ जुलै १९६३

आज वर्गात माझी फजिती झाली. कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहून ठेवते.

सहावी-सातवीला मी भूगोल एकत्र घेते. पाठ होता 'निरनिराळ्या प्रदेशांतील घरे'. बर्फाची घरं, कातड्याचे तंबू, वाळवंटातली धाब्याची घरं, सगळं रंगून शिकवलं. शेवटी विचारलं, "आता आपल्या गावात या. तुमची घरं कशाची?" वरच्या आळीची मुलं भराभर बोलली. चिऱ्याची, मातीची, कौलारू. कोळीवाड्याच्या रांगेतून शब्द नाही. मी केसरला उभं केलं. ती सातवीतल्यांपेक्षाही हुशार आहे, सहावीत असून. ती म्हणाली, "शिडाचं, बाई."

वर्ग हसला. मीही हसले. घर कधी शिडाचं असतं का?

मधल्या सुट्टीत रघूनं सांगितलं. रघू म्हणजे सरपंच बाळाजींचा मुलगा. त्यांच्याच घरी मी राहते. चैत्रात कोळीवाडा जळला. झावळ्यांची घरं, वारा सुटलेला, एकामागून एक पेटत गेली. आग लागल्याचं मी आल्या आल्या ऐकलं होतं, पण माणसं अजून होड्यांची शिडं टाकून त्याखाली राहतात, तीही या पावसात, हे मला ठाऊक नव्हतं. रोज मी त्यांच्या मुलांची हजेरी घेते.

ठरवलं. यंदाचा भूगोल खारकोंडपासून सुरू होईल. मुलं आपल्या गावाचा नकाशा काढतील. घरं, विहिरी, वाटा, पाणी.

हेडमास्तर दत्तात्रेय गुरुजींना सांगितलं. निवृत्तीला आलेला माणूस, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चष्मा पुसत म्हणाले, "पुस्तक केव्हा संपवाल?"

"संपवीन, गुरुजी."

"मुलांना शाळेबाहेर न्यायचं तर आधी नोंद करा. 'परिसर अभ्यास' असं लिहा. सहल लिहू नका."

झालं. कोळीवाडा पावसात भिजतोय आणि यांना शब्दाची काळजी!

गुरुवार, ११ जुलै

नकाशे आले. सुंभाच्या दोरीला गाठी मारून मुलांनी वाटा मोजल्या, पाटीवर प्रमाण मांडलं. मी खूश होते. मग सगळे कागद ओळीनं जमिनीवर मांडून बघितले.

रघूच्या नकाशात वरच्या आळीचं एकूणएक घर आहे, गोठे आहेत, पारावरचा पिंपळसुद्धा. खाली समुद्राकडे एक रिकामा गोल, आणि त्यात लिहिलंय 'कोळीवाडा'. केसरच्या नकाशात जळालेल्या प्रत्येक घराची जागा आहे, होड्या लावायची पुळण आहे, मासळी वाळवायच्या वलांड्या आहेत. वरच्या आळीच्या जागी एक देऊळ. बस्स.

एकाच वर्गात बसणारी मुलं, आणि त्यांची गावं दोन.

मी म्हटलं, "आता अदलाबदल. रघू कोळीवाडा काढील, केसर वरची आळी."

रघू म्हणाला, "बाई, तिथं वास येतो."

केसर म्हणाली, "बाई, तिथं आमाला हाकलतात."

दोघांनाही म्हटलं, "मग तेही नकाशात लिहा."

रविवार, २१ जुलै

रघू काल कोळीवाड्यातून आला तर मनुबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्याला अंगणातच आंघोळ घातली. जेवताना मात्र तो थांबेचना. "आये, त्येंच्या सगळ्या वाड्याला एकच विहीर हाय, आन् शिमग्यानंतर ती बी खारी होते." मनुबाई म्हणाल्या, "गुमान जेव."

केसरनं वरच्या आळीच्या विहिरी काढून आणल्या. प्रत्येक विहिरीपाशी तिला कुणी काय विचारलं तेही बाजूला लिहिलं आहे. ते मी इथं उतरवत नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

आज शाळेला सुट्टी. नारळ वाहण्याचा सोहळा बघायला खाली गेले. नव्या लुगड्यातल्या बायका, ताशे, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. केसरची आई आवडाबाई सगळ्यांत पुढे. नवरा बुडून गेल्यापासून मासळी विकून पोरांना ती एकटीच वाढवते.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

सरकार जळितांना नवी घरं देणार आहे. जागा ठरली आहे, खाडीच्या कडेचं खाजण. खारी, सपाट, पडीक जमीन. वैशाखात ओव्हरसिअर येऊन प्रत्येक घराच्या खुंट्या ठोकून गेला. पाऊस संपला की काम सुरू. मुलांनी त्या खुंट्याही नकाशात घेतल्या आहेत, सरळ रांगेत, शाळेच्या कवायतीसारख्या.

आज भरतीच्या वेळी मी बांधावर उभी होते. जुना बांध मधेच फुटलेला आहे, तिथून पाणी आत आलं. गाजावाजा न करता आलं. आणि बघता बघता खुंट्या बुडाल्या. सगळ्या नव्हेत, पण निम्म्याहून अधिक. वर राहिल्या त्यांच्यावर बगळे बसले.

केसर माझ्या शेजारी होती. मी विचारलं, "हे दर वर्षी होतं?"

"बांध फुटल्यापासून व्हतंय, बाई."

"मग मोठी माणसं बोलली का नाहीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीच काहीतरी वेडगळ विचारलंय अशा नजरेनं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

सकाळीच गुरुजींना म्हटलं, आज्ञा द्या, मी गटविकास अधिकाऱ्यांना कळवते. ते म्हणाले, "काय कळवणार?"

"खुंट्या पाण्यात गेल्या."

"एका दिवशी. नारळी पौर्णिमेला. साहेब म्हणतील, सणाचं उधाण होतं." कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "सबंध पावसाळा पाणी बघा. प्रत्येक अमावास्येला, प्रत्येक पौर्णिमेला. मुलांना भरती-ओहोटी शिकवायची आहेच ना?"

चालढकल! दिवाळीला काम सुरू होईल आणि हे मला पावसाळा मोजायला सांगतात. पण त्यांच्या सहीवाचून हलता येत नाही. मोजते तर मोजते. मुलं पाण्याच्या कडेनं बांबूच्या कामट्या रोवतील.

मंगळवार, २० ऑगस्ट

काल अमावास्या. पुन्हा पाणी. या खेपेला कामट्या आणखी आत रोवाव्या लागल्या.

परतताना आवडाबाईनं वाट अडवली. डोक्यावर मासळीची पाटी, तीही खाली ठेवली नाही.

"बाय, पोरांना घेऊन तिथं काय करताव?"

मी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पानी येतं ते आमाला ठावं नाय काय? आमचा जलम पान्यात गेला. पन सरकारानं एकदा दिलंय. आता आमी म्हनलं, ही जागा नको, तर सरकार म्हनंल, नको तर नको. मंग? तुमचा नकासा आमच्या डोईवर घालाल?"

"घरात पाणी शिरेल, आवडाबाई," मी एवढंच म्हटलं.

"शिरंल तवा शिरंल. जोत्यावर बसून पोरं घेऊ मांडीवर. आता तर जोतं बी नाय."

पाटी सावरून ती निघून गेली. मी बांधावरच थांबले. तिचं खरं आहे. माझंही खरं आहे. दोन्ही खरं असताना काय करायचं ते ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

सोमवार, ९ सप्टेंबर

केसर आठवडाभर शाळेत नाही. आज मी खाली गेले. शिडाच्या आडोशाला आवडाबाई जवळा निवडत होती, केसर धाकट्या भावाला खेळवत होती. कुणी न बोलावताच मी आत जाऊन बसले.

म्हटलं, "केसरला पाठवा. नकाशाचं काम नसेल तर नसेल. गणितासाठी पाठवा."

केसरच बोलली. "आये, बाई आमाला सांगत नाय कुठं घर बांदायचं. बाई आमाला इचारतात."

"इचारून काय व्हतंय?"

"तुला ओव्हरशेरनं इचारलं काय?"

आवडाबाईचा हात थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्या हिला उद्या. पन आमच्या नावानं सरकारात काय बी कलवायचं नाय. आमी सांगू तवा."

मी कबूल केलं. आपण होऊन कुठंही कळवणार नाही. कबूल करताना माझ्या लक्षात आलं की महिनाभर मी हेच करायच्या तयारीत होते, त्यांच्या नावानं, त्यांना न विचारता. हे बोचलं. तरी काम थांबवायचं नाही. क्रम तेवढा बदलायचा.

बुधवार, १८ सप्टेंबर

कालच्या उधाणानं कहर केला. एकच रांग कोरडी राहिली. पाणी पोचलं तिथं मुलांनी वर्गाच्या सामाईक नकाशावर निळी रेघ ओढली, बाजूला दर उधाणाची तारीख घातली. कागद भिजला, रेघ पसरली, ती तशीच ठेवली.

आता सगळा वर्ग एका प्रश्नावर आहे. खाजण नाही, तर कुठं? गावात मोकळी जागा एकच, शाळेमागचं गुरचरण. उंच, भरतीच्या आवाक्याबाहेर, रस्त्याला लागून.

मी उत्साहानं फळ्यावर वसाहत काढून दाखवली. समोर फुलझाडं, मधे चौक, एकसारखी घरं. केसर म्हणाली, "बाई, मासली कुठं वालवायची?" मी म्हटलं, मागे. "मागं वारा नाय येत." मग दुसरी मुलगी, शकू, म्हणाली, गुरचरणापासून पुळणीपर्यंत वाट सरळ हवी, ओझं डोक्यावर असतं. रघू म्हणाला, वाट सरळ काढली तर आमच्या भातखाचरातून जाते. अशी जुंपली की तास संपल्याची घंटाही कुणाला ऐकू आली नाही. शेवटी वाट बांधाच्या कडेनं वळवली, रघू आणि केसर दोघांनीही कपाळाला आठ्या घालून मान डोलावली. माझी फुलझाडं केव्हाच पुसली गेली होती.

गुरुजी दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. म्हणाले, "आवाज फार येतो वर्गातून." आणि गेले.

रविवार, २९ सप्टेंबर

आज जेवताना बाळाजींनी ताट बाजूला सारलं. तोपर्यंत मी त्यांना मृदू स्वभावाचा माणूस समजत होते, आणि ते आहेतही.

"बाई, गुरचरणात कोळीवाडा आणायचा म्हणं तुमचा इचार हाय?"

"माझा नाही. मुलं अभ्यास करताहेत."

"माझाच पोर्गा नकाशा घिऊन फिरतो, आन् लोक मला इचारतात, सरपंच, तुमच्या घरातनंच निघालं का ह्ये? गुरचरण गेल्यावर गुरं काय माझ्या डोक्यावर चारू? आन् शाळेमागं मासळी वाळाय लागली तर गावात सोयरीक घिऊन कोन येईल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी शिकवाय आलाव. गाव फोडाय न्हाय."

मी म्हटलं, "गाव फुटलेलंच होतं, बाळाजीभाऊ. मुलांनी फक्त काढून दाखवलं."

हे बोलायला नको होतं. मनुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बाई, तुमी दुसरीकडं जागा बगा. माझा राग न्हाय. पन रोज हितं वाद नको."

सोमवार, ३० सप्टेंबर

ट्रंक घेऊन शाळेत आले. कुठं जाणार होते? गुरुजी म्हणाले, "कोठीची खोली रिकामी आहे." गेले तर खोली झाडलेली, चुना इतका ताजा की बोटाला लागला, कोपऱ्यात माठ भरलेला. यांना कसं कळलं मी आजच येणार? गावात बातमी वाऱ्यासारखी फिरते हेच खरं.

म्हणजे आता मी चोवीस तास त्यांच्या नजरेखाली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

माझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे. मागच्या आठवड्यात गुरुजींना अलिबागला बोलावलं होतं. पहाटेच्या एस.टी.नं गेले, संध्याकाळी आले, चेहरा राखेसारखा. विचारलं तर म्हणाले, "तुमच्या वर्गाची तपासणी होईल. भूगोलाचाच पाठ घ्या." मला खात्री होती, हेच सांगून आले असणार की बाई ऐकत नाही.

आज विस्तार अधिकारी आले. गावात सगळे त्यांना अजून दिपोटीच म्हणतात. मी खडू हातात घेतला. मुलांनी भरती का येते ते सांगितलं. चंद्र, सूर्य, अमावास्या. मग केसरनं निळी रेघ दाखवली. दिपोटींनी विचारलं, "हे पुस्तकात कुठं आहे?" केसर म्हणाली, "पुस्तकात भरती हाय, साहेब. खारकोंड नाय."

दिपोटी हसले नाहीत, पण त्यांनी तो नकाशा पुन्हा एकदा जवळ जाऊन बघितला.

निघताना मला म्हणाले, "विनापरवानगी मुलं बाहेर नेता अशी तक्रार आहे. पण तुमच्या हेडमास्तरांनी परिसर अभ्यासाची परवानगी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मागून घेतलेली आहे. त्यामुळं तो प्रश्न उरत नाही."

म्हणजे पहिल्याच आठवड्यात यांनी वर कळवून ठेवलं होतं! मला एका शब्दानं सांगितलं नाही. असल्या माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे पाठीमागे डोळे हवेत.

नोकरी मात्र राहिली. आता थांबणार नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

आवडाबाई स्वतः शाळेत आली. कधी नव्हे ती. बरोबर कोळीवाड्यातल्या चार बायका. नकाशापुढं जमिनीवर बसल्या. केसर आणि शकूनं सगळं समजावलं, मी कोपऱ्यात गप्प. आवडाबाईनं बोटानं आपल्या खुंटीची जागा शोधली. निळ्या रेघेच्या आत, अगदी खोल.

"ह्ये आमचं घर?"

"व्हय, आये."

"आन् ह्या वरच्या घरात वारा येल?"

"येल. आमी तोंड तसंच काडलंय."

ती उठली. मला म्हणाली, "ग्रामसभा कवा हाय?"

मी धावत गुरुजींकडे गेले. मुलं सभेत नकाशा मांडतील, केसर बोलेल, असं सुचवलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. "ग्रामसभेत मतदार बोलतात. मुलांना बोलता येत नाही. कायदा आहे. ज्यांना बोलता येतं त्यांना बोलू द्या." वर म्हणाले, पंचायतीची खोली अपुरी पडते म्हणून सभा इथं आपल्या मोठ्या वर्गात घ्यायचं त्यांनी सरपंचांना सुचवलं आहे, तेव्हा मी वर्ग झाडून घ्यावा. "भिंतीवरचं काही काढू नका. चुना निघतो."

मुलांचं तोंड बंद, आणि आम्ही सतरंज्या घालायच्या!

रविवार, १ डिसेंबर

आजच लिहायला हवं.

सभेला गटविकास अधिकारी जीपनं आले. तरुण, घाईत. वर्ग खच्चून भरला. वरची आळी पुढे, कोळीवाडा मागे, दाराशी. मुलं बाहेर खिडक्यांना लोंबकळलेली. नकाशा भिंतीवर होताच.

साहेबांनी वाचून दाखवलं, खाजणातल्या घरांचं काम लवकरच सुरू होईल. कुणाचं काही म्हणणं? बाळाजी म्हणाले, "न्हाय." आणि मागून आवाज आला, "हाय."

आवडाबाई उभी राहिली होती. तिचा आवाज पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

"साहेब, मी आवडाबाई. माजं घर जललं. तुमी घर देताव, तुमचं उपकार हायत. पन तुमच्या मानसानं खुंट्या मारल्या तवा ओहोटी व्हती. आता भरतीला बगायला या. ह्या भिंतीवर माज्या पोरीनं काडलंय. पावसालाभर काडलंय. एकदा नाय, दर उधानाला."

साहेब उठून नकाशापाशी गेले. निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. एक तारीख वाचली, दुसरी वाचली. त्यांची घाई कमी झाली. "मग जागा कुठली म्हणता?"

"शालेच्या मागं."

पुढच्या रांगा उसळल्या. गुरचरण, गुरचरण! बाळाजी उठले, तेही नकाशापाशी गेले आणि तिथंच थांबले. गुरचरणाच्या रस्त्याकडच्या बाजूला एक पट्टी वेगळी रंगवलेली आहे. अक्षर रघूचं. बापाला अक्षर कळलं.

"हितं 'खडक' लिवलंय. कुनी लिवलं?"

गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "सभेत मुलांना बोलता येत नाही, सरपंच." मला संताप आला. इथंसुद्धा कायदा! मग ते म्हणाले, "पण बापानं मुलाला काही विचारलं तर त्याला कायद्याची आडकाठी नाही."

बाळाजी खिडकीकडे वळले. "रघू?"

"आबा, तिथं गुरं जातच न्हायत. नुस्ता खडक हाय. मीच नेतो ना रोज. चारा सगळा पलीकडं, तळ्याच्या अंगाला. ती बाजू आमी तशीच ठिवलीय."

बाळाजींनी पुन्हा नकाशा बघितला. त्या पट्टीवर कोळीवाड्यातल्या एकेका घराचं नावही रघूच्याच अक्षरात होतं. त्यांच्या मुलाला त्या सगळ्यांची नावं ठाऊक होती. बाळाजी बराच वेळ वाचत होते, ओठ हलत होते. मग म्हणाले, "खडकावर घर बांधायला गुरांची हरकत नसंल." कुणीतरी मागून मासळीच्या वासाचं काढलं. बाळाजी म्हणाले, "खाताना न्हाय येत वास?" आणि पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं एकदम हसली.

मला वाटलं, संपलं, जिंकलो. पण साहेब म्हणाले, "जागा बदलायची तर प्रस्ताव नव्यानं जिल्ह्याला जाईल. या उन्हाळ्यात घरं होणार नाहीत. पुढचाही पावसाळा तुम्हाला असाच काढावा लागेल. विचार करून सांगा. खाजण हवं असेल तर काम पुढच्या महिन्यात सुरू होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मी आवडाबाईकडे बघितलं, पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या माणसांकडे वळली. तिथंच, दाराशी, डोकी जवळ आली. म्हातारा दादू म्हणाला, मिलतंय तवा घ्यावं, मी पुढला पावसाला बगंन न बगंन. एक बाई रडत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. गुरुजींनी त्यांच्यासाठी चहा मागवला, आणि तो यायला पुष्कळ वेळ लागला.

शेवटी आवडाबाई वळली. "एक पावसाला काडलाय. आनखी एक काडू. पन घर बांदू तर पोरांना घेऊन पुन्हा उटायला नको असं बांदू. लिवा, साहेब."

मंगळवार, ३१ डिसेंबर

दत्तात्रेय गुरुजी आज निवृत्त झाले. मुलांनी हार घातला. माझ्याबद्दल बोलताना एवढंच म्हणाले, "वर्गातून आवाज फार येतो. येत राहावा." टोमणाच, दुसरं काय. मी नमस्कार केला. निघताना कोठीच्या खोलीकडे बघून म्हणाले, "त्या भिंतीला पावसाळ्याआधी पुन्हा चुना लावून घ्या. ओल धरते."

या माणसाचं मला शेवटपर्यंत काही समजलं नाही. नवे हेडमास्तर सोमवारी येतील. ते तरी मला साथ देतील अशी आशा.

शनिवार, २५ जुलै १९६४

आठ दिवस नुसतं वादळ. कालच्या पौर्णिमेला खाजण पूर्ण पाण्याखाली. पण काल रात्री कोळीवाड्यातली दोन शिडंही फाटली. केसरचा धाकटा भाऊ तापानं फणफणला आहे. दादू गेला. त्यानं पुढला पावसाळा बघितला, पण अर्धाच.

नकाशा बरोबर होता. तरीही आज त्याच्याकडे बघवत नाही. आम्ही काही बोललो नसतो तर दादूला छप्पर मिळालं असतं, दोन-चार वर्षांचं तरी.

नवे हेडमास्तर म्हणतात, शाळेची इमारत राहण्यासाठी देता येणार नाही, वरून हुकूम हवा. दत्तात्रेय गुरुजी असते तर... तेही हेच म्हणाले असते. बहुतेक.

मी मोठ्या वर्गाचं कुलूप काढलं आहे. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना आणलं. मनुबाईंनी भाताची पातेली पाठवली, रघूच्या हाती. उद्या जे व्हायचं ते होवो.

सोमवार, १२ एप्रिल १९६५

वसाहत उभी राहिली. कौलं चढली. तोंडं वाऱ्याच्या बाजूला आहेत, मासळीच्या वलांड्या पुढे, आणि वाट बांधाच्या कडेनं वळून पुळणीवर जाते, थेट मुलांनी काढली तशी नाही, थोडी वाकडी. गुढीपाडव्याला आवडाबाईच्या दाराशी गुढी उभी राहिली होती.

केसरची सातवीची परीक्षा पुढल्या आठवड्यात. जूनपासून तिला रेवदंड्याच्या हायस्कुलात घालायचं म्हणून आवडाबाईनं परस्पर चौकशीही केली आहे.

आज दुपारी शाळा सुटल्यावर तिकडे गेले तर वसाहतीत बायकाच नाहीत. म्हाताऱ्या काशीआजीनं सांगितलं, सगळ्या अलिबागला गेल्यात. मी घाबरले. कुणाला काही झालं का?

"झालं काय नाय. ती नवी विहीर सरकार रस्त्याच्या पल्याड खनतंय. आमच्या पोरींनी डोईवर हंडं घेऊन मोटारींतून पलायचं काय? त्या सांगायला गेल्यात."

संध्याकाळच्या एस.टी.नं त्या आल्या. उन्हानं लाल, चपला हातात, पण सगळ्या एकदम बोलत होत्या. ओव्हरसिअर बुधवारी जागा बघायला येतोय म्हणे. आवडाबाईच्या हातात कागदाची गुंडाळी होती. वसाहतीचा नवा नकाशा, विहिरीची जागा दाखवलेली. कुणी काढला? केसरनं नव्हे, ती अभ्यासात होती. शकूनं आणि तिच्या आईनं.

मला आनंद व्हायला हवा होता. आधी झाला तो रागच. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी एवढं केलं, आणि एक शब्द नाही.

"आवडाबाई, मला सांगायचं होतंत. मी आले असते तुमच्याबरोबर."

तिनं आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. जणू हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"तुमाला शाला व्हती ना, बाय," ती म्हणाली, आणि गुंडाळी घेऊन घरात गेली.